दीडशे शब्दांत ‘जेव्हा मी जात चोरली होती’

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्या विषयाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेसाठी कोणती पुस्तके नेमली आहेत, याकडे आपल्या समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले मला दिसले नाही. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’, बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, नारायण सुर्वे यांचा ‘जाहीरनामा’ आणि नामदेव ढसाळांचे ‘या सत्तेत जीव रमत नाही’. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आपल्या लेखकांना जागा मिळावी म्हणून आपण किती भांडलो! इथे ती न मागता मिळालेली दिसते. ज्या परीक्षेतून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तयार होतात, तिच्या उंबरठ्यावरच ढसाळ उभे आहेत. सत्तेत जीव रमत नाही असे सांगणाऱ्या कवीवर चांगले गुण मिळवावेत आणि सत्तेत जावे, अशी ही योजना आहे.

यात विनोद आहे खरा. पण एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि दरवर्षी दोन-चार मुले हा विषय घेऊन माझ्यापुढे बसतात. त्यामुळे मला तो विनोद फार वेळ टिकवता येत नाही.

ही मुले पुस्तके घेऊन येत नाहीत, नोट्स घेऊन येतात. पुण्यातून, दिल्लीतून, कुणाच्या तरी मित्राकडून झेरॉक्स होत होत आलेल्या. त्या वाचणे हा समीक्षेचा एक धडाच आहे. बागुलांच्या कथेवर पाच उपशीर्षके असतात : सामाजिक पार्श्वभूमी, जातीयतेचे चित्रण, व्यक्तिरेखा, भाषाशैली आणि शेवटी ‘मर्यादा’. या ‘मर्यादा’ शीर्षकाखाली काय असते? भडकपणा, आक्रस्ताळेपणा, प्रचारकी सूर, कलात्मक अलिप्ततेचा अभाव. साठ-सत्तरच्या दशकांत दलित साहित्यावर जे आक्षेप घेतले गेले आणि ज्यांना आपल्या नियतकालिकांनी पानोपानी उत्तरे दिली, ते सगळे आक्षेप या झेरॉक्सच्या कागदांवर सुखरूप आहेत. आपण दिलेली उत्तरे मात्र तिथपर्यंत पोहोचलेली नाहीत. त्या काळी आपण या समीक्षेला ‘सदाशिवपेठी’ म्हणत होतो. आज पुण्याच्या त्याच सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आपलीच मुले महिन्याचे पैसे भरून ती समीक्षा पाठ करत बसली आहेत.

मुलांना विचारले तर ती सांगतात, सर, उत्तर ‘बॅलन्स्ड’ पाहिजे. दहा गुणांना साधारण दीडशे शब्द. त्यात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. मी विचारतो, अस्पृश्यतेची दुसरी बाजू कोणती? ती हसतात. उत्तर त्यांनाही माहीत असते. पण वैकल्पिक विषयाचे ५०० गुण आहेत, एकूण २०२५ पैकी. माझ्या प्रश्नाला गुण नाहीत.

आता ही कथा काय आहे ते पाहू. रेल्वेतल्या नोकरीसाठी परमुलखात आलेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. त्याला मान मिळतो, मैत्री मिळते आणि त्या प्रत्येक मिळण्याबरोबर त्याची भीती वाढते. जात उघडी पडल्यावर मार बसतो. ज्याने आपली जात कधीच लपवली नाही तो काशिनाथ त्याला सोडवायला धावतो. कथेचे सगळे वजन या दोघांमधल्या फरकावर आहे. बागुलांनी लपवणाऱ्याला हिणवले नाही. त्याला निवेदक केले आणि त्याची लाज त्याच्याच तोंडून वदवली. १९६३ साली हा संग्रह आला तेव्हा मराठी कथेला हे माहीतच नव्हते, की जात ही सोसण्याची गोष्ट आहे तशी सतत सांभाळत बसण्याचीही गोष्ट आहे, खिशातल्या चोरीच्या वस्तूसारखी.

हे वाचणारा मुलगा कुठे बसून वाचतो? कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत. ती खोली घेताना मालकाने त्याचे पूर्ण नाव विचारले आहे, आडनाव पुन्हा एकदा विचारले आहे. कथा त्याच्या अंगावर घडून गेलेली असते, पण नोट्स त्याला शिकवतात की ती ‘तत्कालीन समाजव्यवस्थेचे’ चित्रण करते. ‘तत्कालीन’ हा शब्द मी त्या कागदांवर मोजायला घेतला होता, पुढे कंटाळून सोडून दिला. ज्या वाचकाला ही कथा सर्वांत जास्त कळायला हवी, त्यालाच तिच्यापासून दूर उभे करण्याचे काम हा एक शब्द करतो. मला या परीक्षेविषयी खरी तक्रार आहे ती ही. ती आपली पुस्तके नाकारत नाही. ती घेते, आणि ज्यांची ती आहेत त्यांना परक्यासारखी वाचायला लावते.

पुढे मुलाखत येते, २७५ गुणांची. मंडळापुढे उमेदवाराचा प्रवर्ग ठेवला जात नाही, असे सांगितले जाते. पण नाव, गाव, आईवडिलांचा व्यवसाय, छंद आणि केलेली कामे ही सगळी अर्जात भरलेली असतात, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला आडनावावरून काय कळते हे मी या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून तयारी सुरू होते. माझ्या एका विद्यार्थ्याने सहा वर्षे वस्तीतली जयंती समिती चालवली. वर्गणी, मिरवणुकीचा परवाना, पोलीस ठाण्यातली बैठक, दोन गटांतला समझोता, सगळे त्याच्या अंगावर. प्रशासनाचा याहून चांगला अनुभव कुठे मिळणार? अर्जात त्याने लिहिले : ‘सांस्कृतिक कार्यक्रमांचे आयोजन’. तसे लिही, असे त्याला सराव-मुलाखतीत सांगितले होते. मी त्याला बोल लावत नाही. बागुलांनी तरी कुठे लावला होता? पण अभ्यासक्रमात नेमलेली कथा हा मुलगा अर्जात पुन्हा जगला, आणि परीक्षेला त्याचा पत्ताही नाही.

याच्या जोडीला दुसरे एक साहित्य उभे राहिले आहे, त्याची समीक्षा व्हायला हवी. अधिकाऱ्यांची आत्मकथने. राजेश पाटील यांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’, डॉ. राजेंद्र भारूड यांचे ‘मी एक स्वप्न पाहिलं’, विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’. आमच्या ग्रंथालयात ही पुस्तके कपाटात थांबत नाहीत. ‘बलुतं’ मात्र थांबते. यातल्या कष्टांविषयी मला शंका नाही. अहिराणी बोली पुस्तकाच्या नावात सन्मानाने येते, भिल्ल समाजातली, मोहाची दारू विकून लेकरे वाढवणारी आई मराठी पुस्तकात येते, हे मोलाचे आहे. माझा मुद्दा या लेखकांविषयी नसून घाटाविषयी आहे, आणि या तिघांच्या मागून निघालेल्या पुस्तिका, भाषणे आणि सत्कार समारंभ यांना तो जास्त लागू आहे.

हा घाट दलित आत्मकथनाकडून उचललेला आहे. भूक, राबणारी आई, फाटके दप्तर, शाळेतला अपमान, सगळे तेच. वगळली आहे ती जात. तिच्या जागी ‘परिस्थिती’ हा शब्द आला आहे. ‘परिस्थिती बेताची होती’, ‘परिस्थितीवर मात केली’. परिस्थिती कुणी निर्माण केलेली नसते, ती पावसासारखी असते. तिच्यावर मात करता येते, तिला जाब विचारता येत नाही. आणि सगळे निकालाच्या दिवशी संपते. गुलाल उधळला, आईच्या डोळ्यांत पाणी आले, पुस्तक मिटले.

दया पवारांनी १९७८ साली काय केले होते ते आठवावे. नोकरी लागली म्हणून ‘बलुतं’ सुखाने संपत नाही. उलट पांढरपेशा झालेला माणूस दोन तुकड्यांत फाटतो, दगडू मारुती पवार दया पवारला आपली कहाणी ऐकवत बसतो, आणि ऐकणाऱ्याची सुटका होत नाही. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) तर गावच्या तराळकीतून कुलगुरुपदापर्यंत पोहोचलेल्या माणसाचे. चढण्याची कहाणी म्हणावी तर ही, पण तिने शीर्षकातच तराळ ठेवला. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर उत्तर प्रदेशातले बलवंत सिंह यांनी सनदी सेवा सोडली आणि पुस्तकाला नाव दिले ‘ॲन अनटचेबल इन द आय. ए. एस.’. आपली यशोगाथा जिथे थांबते तिथून हे पुस्तक सुरू होते. तमिळ कादंबरीकार पी. शिवकामी १९८० साली सनदी सेवेत आल्या आणि २००८ साली राजीनामा देऊन बाहेर पडल्या. आत काय असते हे सांगणारे असे लेखन मराठीत मला जवळपास दिसत नाही. आपले अधिकारी निवृत्त झाल्यावर कविता लिहितात, बुद्धविहाराला देणगी देतात, आणि फायलींविषयी गप्प राहतात.

परीक्षा देऊ नका, असे सांगणाऱ्यांतला मी नाही. मोक्याच्या जागा काबीज करा असे बाबासाहेब सांगत, आणि त्याला कारण होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात दाखवून दिले की हजाराहून अधिक आय. सी. एस. अधिकाऱ्यांत अनुसूचित जातीचा एकच आहे. १९४३ साली नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या त्या या पाठपुराव्यातून. कायदा कितीही चांगला असला तरी तो राबवणारा हात विरोधकाचा असेल तर उपयोग नाही, हा त्यांचा विचार होता. जागा हवी होती ती एका घराच्या उद्धारासाठी नव्हे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्या वर्गाविषयी त्यांनी जी निराशा बोलून दाखवली ती याच हिशोबाने. आणि मोक्याची म्हणावी अशी जागा आजही दूरच आहे. २०१९ साली संसदेत आलेल्या माहितीनुसार केंद्र सरकारच्या ८९ सचिवांत अनुसूचित जातीचा एक होता.

तरीही आपल्या वस्त्यांमध्ये फलक लागतो तो एकाचाच. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले, १००९ जणांची शिफारस झाली, त्यांत अनुसूचित जातींचे १६०. उरलेल्यांचे साहित्य कुठे आहे? अनुसूचित जातींच्या उमेदवाराला ३७ व्या वर्षापर्यंत कितीही वेळा बसता येते. हा हक्क आहे आणि तो राहिला पाहिजे. पण एकविसाव्या वर्षी पेठेत गेलेला मुलगा सदतिसाव्या वर्षी परततो तेव्हा घरात त्याच्याशी काय बोलायचे हे कुणाला सुचत नाही. बार्टीचे विद्यावेतन कधीच संपलेले असते. सोबतच्या बहिणीची लग्ने झालेली असतात, बाप मोलमजुरीतून थकलेला असतो. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा देशाला कळले की ही मुले कुठे बसतात. चार दिवस कळले.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. सात वेळा पूर्वपरीक्षा, तीन वेळा मुख्य परीक्षा आणि एकदा मुलाखत दिलेल्या माणसाची. तो आता एका आश्रमशाळेत शिकवतो. वहीत मेसचे हिशोब आहेत, वर्तमानपत्रांतले उतारे आहेत, ढसाळांवर पाठ केलेले उत्तर तीनदा लिहिलेले आहे. मधूनच, तारीख न घालता, चाळीसेक पाने त्याने स्वतःविषयी लिहिली आहेत. खोलीमालक, सराव-मुलाखत, गावात परतल्यावर एस. टी. स्टँडवर भेटणारे लोक, निकालाच्या रात्री न केलेला फोन. त्या पानांत ‘परिस्थिती’ हा शब्द नाही. छापायला तो अजून तयार नाही. आडनाव न घालता छापू का, असे मी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, मग बागुल वाचून काय उपयोग झाला?” त्याचा विचार चालू आहे. तोवर बाकीच्यांनी आपापल्या वह्या काढाव्यात, आणि या त्रैमासिकाच्या संपादकांनी त्यांच्यासाठी पुढच्या अंकात पाने मोकळी ठेवावीत.