कशावरून?

पाताळेश्वर, कसबा गणपती, त्रिशुंड गणपती, पर्वती: सगळं एका रविवारी, गाइडसह. 'जुन्या पुण्याची देवळं' छापाच्या अशा सहली आता भरपूर निघतात. बिबवेवाडीत राहणारा आणि आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारा माझ्यासारखा माणूस हे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. चार-पाच वेळा तरी गेलोय. पैसे वसूल होतात, आणि ज्या गल्लीतून एरवी हॉर्न वाजवत गाडी काढतो तिथे थांबून मान वर करून बघायची सवय लागते. हे श्रेय द्यायलाच हवं. तरी माझी एक तक्रार आहे. गाइड गोष्ट सांगतो, पण ती कशावरून सांगतो हे सांगत नाही.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती घ्या. या देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला एक गेंडा कोरलेला आहे, सोबत युरोपीय वेशातले शिपाई. पेठेतल्या देवळावर हे काय, असं वाटून सगळे मोबाइल काढतात. गाइड सांगतो : गेंडा म्हणजे बंगाल, शिपाई म्हणजे इंग्रज, प्लासीनंतर त्यांनी बंगाल जखडला. टाळ्या, आणि ग्रुप पुढे.

हा अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. देवळाचं काम 1754 साली सुरू झालं, 1770 साली पुरं झालं, आणि प्लासीची लढाई 1757ची. काळ जुळतो. पण काळ जुळणं हा पुरावा नव्हे. शिल्पाखाली त्याचा अर्थ लिहिलेला नाही. हा नंतरच्या लोकांनी लावलेला अर्थ आहे, आणि तसं सांगायला एक वाक्य पुरतं. ते वाक्य गाळलं की अंदाजाची माहिती होते, संध्याकाळपर्यंत माहितीचं रील होतं, आणि रीलवर 'कशावरून?' विचारायची सोय नसते.

शिवाय या गोष्टीच्या गडबडीत जे खरोखर लिहिलेलं आहे ते मागे पडतं. या देवळात शिलालेख आहेत, संस्कृतमधले आणि एक चक्क फारसीतला. देऊळ बांधलं भीमगीर गोसावी यांनी. तळघरात गोसाव्यांच्या गुरूंची समाधी आहे. म्हणजे वर मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, खाली समाधी, आणि भिंतीवर फारसी. पेशवाईतल्या पुण्यात फारसी ही कागदोपत्री वावरणारी भाषा होती आणि गोसावी हे सावकारी-व्यापार करणारे वजनदार लोक होते, हे इथे उभं राहून समजू शकतं. 'आपण विरुद्ध इंग्रज' या सोप्या गोष्टीत ही सरमिसळ मावत नाही, म्हणून ती दोन मिनिटांत उरकली जाते. माझ्या मते खरं नुकसान इथे होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : लोक सुट्टीच्या दिवशी आलेत, शंका काढल्या तर मजा जाईल. मला हे पटत नाही. क्योतोच्या देवळांच्या सहलीतलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे किन्काकुजी, तळ्याकाठचा सोनेरी मंडप. मूळ 1397चा. पण 1950 साली एका तरुण भिक्षूने तो जाळला, आणि आज दिसतो तो 1955 साली पुन्हा उभारलेला. हे कळल्यावर कोणी पाठ फिरवत नाही. उलट जास्त निरखून बघतो. इसेचं मंदिर तर दर 20 वर्षांनी नव्याने बांधायची प्रथा आहे, गेल्या खेपेला 2013 साली. तिथे 'किती जुनं?' या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देताच येत नाही, आणि मजा त्यातच आहे.

गाइडने इतिहासकार व्हावं असं नाही. शिलालेखात आहे ते 'लिहिलंय' म्हणावं, परंपरेने आलंय ते 'सांगतात' म्हणावं, आणि अंदाज असेल तिथे 'असावं'. मराठीत हे तीनही शब्द छोटे आहेत. तोवर हे काम ऐकणाऱ्यांनी करावं. पुढच्या रविवारी गेलात तर गेंड्याचा फोटो जरूर काढा, पण ग्रुप पुढे सरकायच्या आत तो एक शब्दाचा प्रश्न विचारा.