टेकची वेस कुठे आखली गेली?

ओपन सोर्स प्रकल्पाचा आराखडा म्हटलं की पुढे काय काय करायचं याची यादी डोळ्यांसमोर येते. आज आपण जो आराखडा पाहणार आहोत तो याच्या उलट आहे. डोनाल्ड कनूथ यांनी 1990 साली ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या भवितव्यावर एक छोटं टिपण लिहिलं. यापुढे टेकमध्ये नवं काही येणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील, असा त्याचा मथितार्थ. दुरुस्त्या होतील तसा आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एकेक अंक सरकत जाईल, आणि कनूथ यांच्या निधनानंतर तो पायच होईल. तेव्हा उरलेल्या चुका गुणधर्म ठरतील! (श्रोत्यांत हशा)

हसू येतं खरं, पण भूमिका गंभीर आहे. 1977 साली आपल्याच ग्रंथाची मुद्रितं पाहून खट्टू झालेल्या माणसाने हे काम हाती घेतलं होतं. आज जुळवलेलं पान कित्येक वर्षांनीही तसंच्या तसं उमटावं, ही त्यांची अपेक्षा. ती आम्हाला मान्य आहे.

आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. वेस आखली केव्हा, ते बघा. 1989 साली युरोपीय वापरकर्त्यांच्या आग्रहावरून कनूथ यांनी टेक सात बिटांवरून आठ बिटांवर न्यायचं ठरवलं, म्हणजे 128 चिन्हांच्या जागी 256 मावू लागली. फ्रेंच, जर्मन मंडळी आत आली आणि लगेच दार लागलं. आपली जोडाक्षरं बाहेर राहिली. 1991 साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीसाठी वाट काढली, पण ती कशी? मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा, आधी दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून काढायचा, मग टेकच्या हवाली करायचा. ‘ठ’ हवा तर टी-एचच्या आधी एक टिंब. आम्ही असं एक प्रकरण जुळवलं होतं बरं का. टिंब राहिलं की ‘पाठभेद’चा ‘पाथभेद’! तेही पाठभेदांवरच्याच प्रकरणात.

आता न्यायाने बोलायचं तर युनिकोडची पहिली आवृत्तीच 1991 ची. कनूथ यांनी ती वर्षभर आधी कुठून आणावी? मर्यादा घातली याबद्दल आमची तक्रार नाही. पण नकाराचा भार कोणाच्या डोक्यावर पडणार, याचा हिशेब त्या टिपणात आम्हाला सापडत नाही. ‘आमच्या कक्षेबाहेर’ म्हटल्याने काम संपत नाही, ते शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं.

मात्र एक फट त्यांनी जाणूनबुजून ठेवली होती. कोड घ्या, हवा तसा बदला, फक्त त्याला टेक म्हणू नका. जोनाथन क्यू यांचं ‘झीटेक’ 2004 साली आलं ते याच मोकळिकीतून. त्यात युनिकोडमधली देवनागरी थेट चालते. आम्ही तेच प्रकरण पुन्हा, सरळ मराठीत टंकून जुळवलं. तेव्हापासून कुठलाही आराखडा हातात आला की आम्ही आधी हेच कलम शोधतो: तुम्ही जे करणार नाही, ते दुसऱ्या कोणाला करता येईल का, आणि कोणत्या नावाने?

टेक स्वतः 2021 साली 3.141592653 वर आलं. चुकांची पुढची तपासणी कनूथ यांनी 2029 साली ठेवली आहे. तेव्हा ते 91 वर्षांचे असतील.