मतं मुबलक, बातमीदार कुठे?

23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी महाराष्ट्रातल्या बहुतेक दैनिकांची मुख्य बातमी होती, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. अंक दारात पडून वाचून होईपर्यंत टीव्हीवर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार राजभवनात शपथ घेताना दिसले. त्या दिवशी छापील पत्रकारितेची यथेच्छ टिंगल झाली. ती अन्यायाची होती. आदल्या रात्री जे खरं होतं तेच छापलं गेलं होतं. वेगात मागे पडणं वेगळं आणि विश्वास गमावणं वेगळं. वेगाची शर्यत वृत्तपत्रं केव्हाच हरली होती, पण त्यात त्यांचा दोष नव्हता. विश्वास मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी घालवला, तोही बरोबर दहा वर्षं आधी.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांना ‘पॅकेज’ विकली गेली. इतक्या रकमेत इतक्या बातम्या, वर मुलाखत हवी असेल तर दर वेगळा. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हा व्यवहार चव्हाट्यावर आणला. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत जसाच्या तसा छापून आला होता. पानंच्या पानं भरून ‘अशोकपर्व’ साजरं होत असताना चव्हाणांच्या निवडणूक हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये तो हिशेब नियमानुसार नसल्याचा निष्कर्ष काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आयोगाचा आदेश रद्द केला. उमेदवाराचं प्रकरण असं मिटलं. वृत्तपत्रांचं काय? परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर नावानिशी लिहिलेला अहवाल प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये बाजूला ठेवला आणि त्याची छाटलेली आवृत्ती काढली. मूळ अहवाल अधिकृतपणे बाहेर यायला 2011 उजाडलं. एरवी सरकारच्या दडपलेल्या अहवालांवर अग्रलेख लिहिणारे या वेळी बहुतांशी गप्प होते.

त्यानंतरचे प्रसंग वाचकांच्या लक्षात असतीलच. मार्च 2016 मध्ये ‘लोकसत्ता’ने ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. अग्रलेख पटला नाही तर त्याचा प्रतिवाद करता येतो. छापून आलेला अग्रलेख मागे घेण्याची प्रथा निदान मराठीला ठाऊक नव्हती. वृत्तवाहिन्यांबद्दल फार बोलायला नको. सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये जे ताशेरे ओढले, ते मुख्यतः दोन राष्ट्रीय वाहिन्यांवर होते. पण त्या काळात मराठी वाहिन्यांचे बूम कुणाच्या दारात उभे होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

ही सगळी वरच्या मजल्यावरची पडझड. पायाची पडझड कुणाला दिसत नाही. मराठी दैनिकाचा तालुका वार्ताहर हा बहुतेकदा पगारी माणूस नसतो. नाममात्र मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवरचं कमिशन यावर त्याचं घर चालतं. वर्धापनदिन, दिवाळी, 15 ऑगस्ट आणि स्थानिक आमदाराचा वाढदिवस हे त्याचे सुगीचे दिवस. ज्या कारखान्याच्या चेअरमनकडून पुरवणीची पानं भरून घ्यायची, त्याच कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलांची बातमी त्यानेच द्यायची, अशी आपली अपेक्षा. मालकांनी ही रचना उभी केली. पण पाच-सहा रुपयांत अंक घ्यायचा आणि महिनाअखेर रद्दीत त्यातले काही परत मिळवायचे, ही सवय आपलीच. बातमीचा खरा खर्च मराठी वाचकाने कधी दिलाच नाही. तो जाहिरातदाराने दिला आणि त्याचा मोबदलाही वसूल केला.

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन पत्रकारिता आली. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे घरपोच अंकांवर बंदी आली, तेव्हा पीडीएफ आणि व्हॉट्सॲपची सवय आजोबांनाही लागली. त्याआधीच जमीन तयार होती. ‘बीबीसी मराठी’ ऑक्टोबर 2017 पासून सुरू होती. ‘अक्षरनामा’ने दीर्घ वैचारिक लेखाला वेबवर जागा दिली, ‘थिंक बँक’ने लांबलचक मुलाखतीला, ‘मॅक्स महाराष्ट्र’ने मुख्य प्रवाहात न बसणाऱ्या विषयांना, तर ‘बोल भिडू’ने राजकारणाचा इतिहास कट्ट्यावरच्या भाषेत सांगून तरुण श्रोता मिळवला. वाहिनीतून बाहेर पडलेले संपादक स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर बोलू लागले. यातलं बरंचसं चांगलं आहे. अग्रलेखाचा वाचक आटला असं म्हणणाऱ्यांनी तासाभराच्या मुलाखती ऐकणाऱ्यांचे आकडे पाहावेत.

पण हे सगळं मिळून काय उभं राहिलं? विश्लेषण, मुलाखत, गोष्ट, मत. बातमी नव्हे. सकाळी एखाद्या दैनिकाने दिलेल्या ओळीवर दुपारपर्यंत दहा चॅनेलांचे व्हिडिओ होतात, थंबनेलवर तोंड वासलेले चेहरे येतात, आणि मूळ ओळ कुणी कुठून आणली याचा पत्ता नसतो. मुख्य प्रवाहाला शिव्या घालत त्याच्याच जिवावर जगणारी ही पत्रकारिता आहे. इथे पॅकेजही नवं रूप घेऊन आलं आहे. पेड न्यूजला निदान पानाचा आकार होता, मोजता येत होतं. पॉडकास्टमधल्या गोडगोड मुलाखतीमागचा करार कोण मोजणार?

ठळक अपवाद ‘पारी’चा. साईनाथांनीच डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेलं हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ मराठीतही वाचता येतं. ऊसतोड कामगार, धनगर, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बाया यांच्यापर्यंत चालत जाऊन लिहिलेला मजकूर तिथे आहे. ज्याने 2009 चं दुकान उघडं पाडलं, त्यानेच पर्यायही उभा करून दाखवला, आणि तो देणग्यांवर चालतो. मात्र ‘पारी’ रोजची बातमी देत नाही, तसा तिचा दावाही नाही.

मुख्य प्रवाहावर विश्वास नाही म्हणून लोक फक्त पोर्टलांकडे जातात, असंही नाही. बरेच जण थेट फॉरवर्डकडे जातात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. संपादक नावाची अडगळ नको, असं म्हणणाऱ्यांनी हे गाव लक्षात ठेवावं.

न्यायालयांनी ऑनलाइन माध्यमांना बऱ्यापैकी मोकळा श्वास मिळवून दिला आहे. डिजिटल माध्यमांवर आचारसंहिता लादणारे आयटी नियमांतले मुख्य भाग मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगित केले, आणि सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. म्हणजे बोलण्याची मुभा आहे. अडचण बोलण्याआधी करायच्या कामाची आहे. ते काम अंगाशी येऊ शकतं, आणि येतं तेव्हा सोबत कुणी नसतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये शशिकांत वारिशे यांचा मृत्यू झाला. ‘महानगरी टाइम्स’ या दैनिकात कोकणातल्या रिफायनरीच्या वादावर ते सातत्याने लिहीत. ज्याच्याविरुद्धची बातमी छापून आली होती, त्याच्याच गाडीने त्याच दिवशी राजापूरजवळ त्यांना उडवलं, असा आरोप आहे आणि त्याबद्दल खुनाचा गुन्हा दाखल झाला. मुंबई-पुण्याचे कॅमेरे, यूट्यूबर, पोर्टलं आणि मोठ्या दैनिकांचे प्रतिनिधी राजापुरात पोचले ते त्यानंतर.