तेलगावची ओवी

बीडहून परळीला निघालेली एसटी वडवणी मागं टाकून तेलगावच्या चौफुल्यावर येते, घटकाभर थांबते आणि निघून जाते. बहुतेक लोक खिडकीतूनच पाण्याची बाटली घेतात. तेलगाव हे त्यांच्या लेखी रस्ता बदलण्याचं ठिकाण. मी मात्र इतकी वर्षं या चौफुल्यावर उतरत आलो आहे, आणि दर वेळी हे ठिकाण मला एखाद्या ओवीसारखं वाचावंसं वाटतं.

ओवीचे पहिले तीन चरण यमकानं एकमेकांत गुंफलेले असतात. चौथा आखूड आणि बिनयमकाचा असतो, ओवी तिथं येऊन थबकते. तेलगावच्या चार रस्त्यांचंही तसंच आहे. बीड, माजलगाव आणि परळीकडचे तीन रस्ते काळ्या सपाट रानातून जातात. ऊस, कापूस, ज्वारी, पुन्हा ऊस. चौथा धारूरचा. थोडं सरळ गेल्यासारखा वाटतो न वाटतो तोच तो घाटाच्या अरुंद वळणांत शिरतो, आणि बालाघाटाचा खडक दोन्ही अंगांनी जवळ येतो. सगळी लय तिथं बदलते.

हे मी उगाच जुळवत नाही. याच घाटापलीकडं, धारूर-आडसवरून गेलं की अंबाजोगाई. शके १११० म्हणजे ११८८ साली ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी तिथं आहे. तिथंच दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड आणि त्यावर ओवीमागून ओवी लिहून काढलेलं ‘पंचीकरण’. कागद अपुरा पडला की कापडावर लिहायचं, ही हिंमत या मातीतली आहे. अंबाजोगाईला जाणाऱ्यानं योगेश्वरीचं दर्शन घ्यावंच, पण पासोडीची चौकशी केल्याशिवाय परत फिरू नये.

पण आधी चौफुला. सकाळी इथं एखाद्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसावं. सुशीला मागवावी. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हे बाईचं नाव वाटतं. आपल्याकडं ते भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या न्याहारीचं नाव आहे. मुरमुरे पाण्यातून काढून घट्ट पिळलेले, कांदा-मिरची-हळदीची फोडणी, वरून दाण्याचं कूट. चांगल्या सुशीलेत मुरमुरा मऊ असतो, पण त्याचा लगदा झालेला नसतो. सगळी करामत त्या पिळण्यात आहे. शेजारचा अनोळखी माणूस "कुठं निघालाव?" असं विचारतोच. त्याला नीट उत्तर द्यावं. पुढचा रस्ता कुठं उखडलाय, कुठल्या फाट्यावरून जवळ पडतं, हे कुठल्याही नकाशापेक्षा तो चांगलं सांगतो.

खरेदीचं म्हणाल, तर इथली दुकानं दसरा-दिवाळीच्या दिवसांत पाहावीत. ताडपत्री, दोर, कळशी, कानस, कोयता. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार रचून या चौफुल्यावरून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. कोपीला लागणारं सामान, पिठाचं गाठोडं, वर कोंबड्यांचा खुराडा, त्याच्याशेजारी शाळेच्या दप्तरासकट बसलेलं पोर.

यातला ‘कोयता’ हा शब्द जरा हातात घेऊन बघावा. मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दिली जाते ती कोयत्याला. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. माणूस हत्याराच्या नावानं मोजला जातो, ही या शब्दातली पहिली कळ. दुसरी कळ उशिरा लक्षात येते: पहाटे उठून चुलीपासून मोळीपर्यंत सगळं करणाऱ्या बाईचं वेगळं नाव या हिशेबात कुठंच नाही. आपल्या भाषेत इतका छोटा आणि इतका जड शब्द मला दुसरा माहीत नाही.

आणि हे सगळं घडतं ते एका साखर कारखान्याच्या गावात. १९७८ ते ८० या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री राहिलेल्या सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी कारखाना तेलगावचाच. हंगामात रात्री चौफुल्यावर उभं राहिलं की मळीचा उग्र-गोड वास नाकात बसतो आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ओळीनं आत वळतात. एकाच रस्त्यावरून ऊस आत येतो आणि ऊस तोडणारे बाहेर जातात.

माजलगावचा रस्ता पाण्याचा. सिंदफणेवरचं धरण १९८७ साली पुरं झालं, आणि पैठणहून जायकवाडीचा उजवा कालवाही याच जलाशयात पाणी आणतो. संध्याकाळी भिंतीकडं जावं, वारा खावा. मासे खाणाऱ्यानं धरणाची ताजी मासळी सोडू नये. वेळ असेल तर त्याच तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी गाठावी. यादव राजा रामचंद्राच्या १३१० सालच्या ताम्रपटात या अग्रहाराची नोंद आहे. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिन्यात इथं धोंड्याच्या नैवेद्यासाठी माणसांची रीघ लागते; एरवी घाटावर निवांत बसता येतं, आणि मला ते एरवीचंच जास्त आवडतं.

परळीच्या वैजनाथाबद्दल मी काय सांगावं? ती वाट सगळ्यांनाच ठाऊक आहे.

उरतो तो चौथा, आखूड चरण. धारूरचा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखान लारीनं १५६७ च्या सुमारास बांधून घेतला. तिथल्या पाण्याच्या जागांची नावं ऐका: खारी दिंडी आणि गोडी दिंडी. किल्ल्यावरच्या माणसांनी कुठल्या राजाचं नाव पाण्याला दिलं नाही, जिभेला लागली ती चव दिली.

याच डोंगरात सीताफळ पिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बाया पहाटे डोंगर चढून ती उतरवत आणि पाटीनं विकायला आणत आल्या आहेत. दसऱ्याच्या आसपास याल तर पाटीपाशी थांबा. अगदी मऊ फळ घेऊ नका, ते घरापर्यंत टिकत नाही. हिरव्या खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या-पिवळ्या झाल्या की ‘डोळे उघडले’ म्हणतात. तसं टणक फळ निवडा आणि भाव फार पाडू नका. घरी भुसकटात किंवा ज्वारीत झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत पिकतं.