वग सुरू होण्यापूर्वीच

गुढीपाडवा जवळ आला, की वारूळवाडीहून नारायणगावच्या पेठेकडे निघालेल्या माणसाची पावले पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या राहुट्यांपाशी आपोआप मंदावतात. दर्शनी बाजूस फडाच्या नावाचा फलक, आत एक टेबल, टेबलावर तारखांची वही, वहीच्या अलीकडे फडमालक किंवा त्याचा कारभार पाहणारा माणूस आणि पलीकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर, संगमनेर अशा तालुक्यांतून आलेली यात्रा कमिटीची मंडळी. घासाघीस होते, सुपारी ठरते, इसार दिला जातो आणि गावाचे नाव तिथीसह वहीत चढते. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचे तमाशे येथे ठरतात, म्हणून या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. आणि २०२० व २०२१ ही दोन वर्षे साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा या कलेच्या मागे किती चुली आहेत हे आम्ही जवळून पाहिले.

अशा गावाच्या शेजारी राहणाऱ्या वाचकाने तमाशावरच्या कादंबऱ्या वाचाव्यात आणि चित्रपट पाहावेत, तेव्हा त्याच्या आस्वादाला एक निकष आपसूकच चिकटलेला असतो. गेल्या काही महिन्यांत मी आनंद यादवांची ‘नटरंग’, अण्णा भाऊ साठ्यांची ‘वैजयंता’ आणि विश्वास पाटलांची ‘चंद्रमुखी’ या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या, आणि राजकमलच्या ‘लोकशाहीर राम जोशी’पासून अगदी अलीकडच्या ‘फुलवंती’पर्यंतचे चित्रपट शक्य तितक्या क्रमाने पाहिले. यांतले बहुतेक मला आवडले, काहींनी डोळ्यांत पाणी आणले. तरीही सगळे संपल्यावर मनात एक असमाधान उरले. मराठी चित्रपट तमाशाच्या कनातीत लावणीच्या वेळी येतो आणि वग सुरू होण्यापूर्वीच उठून जातो, ही माझी तक्रार आहे.

ज्यांनी पूर्ण रात्रीचा तमाशा पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी सांगतो. आधी गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गौळण, मग बतावणी, लावण्यांची रंगबाजी, आणि हे सारे झाल्यावर रात्र चढत असताना उभा राहणारा वग. बाकीचे सारे या वगाची पूर्वतयारी. राजा, प्रधान, सावकार, पाटील, दरोडेखोर आणि या सर्वांच्या पायांत येणारा सोंगाड्या अशा पात्रांनिशी, लिखित संहितेपेक्षा हजरजबाबी संवादांवर अधिक विसंबून, गावाने वर्षभर गिळलेले बोल गावासमोरच बोलून दाखवण्याची ही जागा. लावणी वेगळी काढून संगीतबारीच्या बैठकीत किंवा शहरातल्या नाट्यगृहात सादर होऊ शकते. वगाला मात्र फडच लागतो. ढोलकीचा फड आणि संगीतबारी हे दोन निराळे व्यवसाय आहेत, निराळ्या रीतीभातींचे आहेत, आणि पडद्यावर या दोहोंची जी सरमिसळ कायम होत आली आहे, तीच पुढच्या पुष्कळशा गोंधळाचे मूळ आहे असे माझे मत आहे.

‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे दोन्ही चित्रपट पेशवाईतल्या शाहिरांचे. पहिल्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर, दुसऱ्यात पंडितराव नगरकर आणि संध्या. संगीत दोन्हींना वसंत देसायांचे. ते आजही ऐकावे असे आहे. परंतु इतिहासाचा योगायोग पाहण्यासारखा आहे. प्रेक्षक ‘अमर भूपाळी’तला होनाजी आणि राम जोशी यांच्यासाठी टाळ्या वाजवीत होते, त्याच सुमारास मुंबई सरकारने जिवंत तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी घातली, मग सुधारणेसाठी समिती नेमली, आणि वगाची संहिता अगोदर तपासून घेण्याची वहिवाट सुरू झाली. जी कला ऐनवेळच्या बोलण्यावर जगते तिला आपले बोलणे आधी कागदावर उतरवून मंजूर करून घ्यावे लागले. दोनशे वर्षांपूर्वीचा शाहीर वंदनीय आणि शेजारच्या गावातला तमासगीर परवान्याचा अर्जदार, ही विसंगती पुढच्या सर्व चित्रपटांत या ना त्या रूपाने शिल्लक राहिलेली दिसते.

अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’चे (१९५९) मोल मला यासाठी वाटते, की तो या विसंगतीच्या बाहेर पडण्याचा प्रयत्न करतो. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला, तो केवळ जयश्री गडकरांच्या बुगडीच्या लावणीसाठी चालला असे म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा. व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा मुळातच वगाच्या बांधणीची आहे: एका मातब्बराचा अन्याय, पुष्कळ वर्षांचे मौन, आणि अखेर त्या मातब्बराला प्रेक्षकांत बसवून त्याचीच कथा तमाशाच्या मंचावरून त्याला ऐकवणे. नाचणारी स्त्री येथे साक्षीदार होते, मंच न्यायासन होतो. तमाशापटांची जी लाट या यशामागून आली, तिने यातली लावणी उचलली आणि साक्ष तेथेच सोडून दिली.

‘पिंजरा’विषयी (१९७२) मी थोडक्यात लिहितो, त्याच्याबद्दल सर्वांनी सर्व काही लिहिले आहे. श्रीराम लागूंचा मास्तर, राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते, निळू फुले यांचा प्रत्येक प्रवेश यांच्यापुढे मान लवते. परंतु हाइनरिक मान यांच्या कादंबरीवरून जर्मनीत १९३० साली निघालेल्या ‘द ब्लू एंजल’मधील रात्रीच्या गाण्याबजावण्याची जागा व्ही. शांताराम यांनी तमाशाच्या फडाला दिली, आणि त्या अदलाबदलीत एका सबंध व्यवसायाच्या माथी सज्जन माणसाला रसातळाला नेण्याचा आरोप बसला. फड म्हणजे सापळा, ही समजूत त्या चित्रपटाने इतक्या देखण्या रूपात मांडली की ती पुसणे कोणाला साधले नाही.

अण्णा भाऊंनी ती खोडून काढण्याची सामग्री अगोदरच दिली होती, याची आठवण मात्र फार थोड्यांना होती. वाटेगावचा हा लेखक लहानपणापासून तमाशाच्या सहवासात वाढला, स्वतः फडात उभा राहिला, पुढे लाल बावटा कलापथकात त्याने गणातून देवाऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले. म्हणून ‘वैजयंता’त फडाकडे पाहणारी नजर आतली आहे. तमाशातली स्त्री येथे कोणाच्या अधःपतनाचे निमित्त होत नाही. तिच्या पोटाचा, अब्रूचा आणि कलेचा प्रश्न हाच कादंबरीचा विषय आहे. भाषा मधूनमधून भडक होते आणि योगायोग अंमळ जास्त आहेत, हे मी मान्य करतो. १९६१ साली गजानन जागीरदारांनी तिच्यावर चित्रपट केला, नायिका जयश्री गडकरच. तरीसुद्धा आज तमाशापटांची चर्चा निघाली की ‘वैजयंता’चे नाव कोणाच्या ओठी येत नाही, हे आपल्या समीक्षेचे उणेपण आहे.

या सर्व वाचनात मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते ‘नटरंग’ने. गुणा हा पहिलवानी बांध्याचा मजूर. फड उभा करण्याच्या ध्यासाने झपाटलेला. फडाला नाच्या हवा आणि नाच्या होण्यास कोणी तयार नाही, म्हणून राजाच्या भूमिकेची स्वप्ने पाहणारा हा पुरुष स्वतः कंबर लचकवावयास उभा राहतो. यादवांनी या देहांतराचे वर्णन शेतकऱ्याने नांगरट करावी तसे सावकाश, ढेकूळ न् ढेकूळ फोडीत केले आहे. कलेसाठी माणूस घर गमावतो ही जुनी गोष्ट. कलेसाठी माणूस आपले पुरुषपण गावाच्या टिंगलीला वाहून टाकतो, आणि ती टिंगल करणाऱ्यांतलाच पूर्वी तो एक होता, ही यादवांची नवी गोष्ट. रवी जाधवांच्या चित्रपटाने (२०१०) अतुल कुलकर्णींच्या शरीरातून ती दाखवली. त्या नटाने आधी मिळवलेला आणि मग झिजवलेला देह मराठी पडद्यावरच्या मोजक्या विलक्षण गोष्टींत मी गणतो. अजय-अतुल यांची गाणी गावोगावच्या वरातींत पोहोचली. तरी अखेरचा जीवनगौरव पुरस्काराचा प्रसंग मला खटकतो. कादंबरी असा दिलासा देत नाही. पुरस्काराने भरपाई होते असे एकदा मानले, की गुणाने काय गमावले याचा जमाखर्च मांडण्याची जबाबदारी प्रेक्षकावरून उतरते.

जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२) सोंगाड्याकडे पाहतो, एवढ्यासाठीच तो मला प्रिय आहे. पु. ल. देशपांड्यांची पटकथा, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी एरवी कधी न दाखवलेली खोली, आणि नृत्यदिग्दर्शनाबद्दल लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे परंपरेतल्या एका बाईच्या हातची विद्या ‘विद्या’ म्हणून नोंदली जाणे. ‘चंद्रमुखी’ची (चित्रपट २०२२) हकीकत निराळी. विश्वास पाटलांना दिल्ली आणि राजकारण यांचे बारकावे ठाऊक आहेत, आणि ते भाग जोरकस आहेत. पण फडाचे जग तेथे प्रेमकथेचा पडदा म्हणून मागे टांगलेले राहते. अमृता खानविलकरांच्या मेहनतीविषयी दुमत नाही. ‘फुलवंती’चा (२०२४) तमाशाशी थेट संबंध नाही, बाबासाहेब पुरंदऱ्यांची ही कथा पेशवाईतल्या नर्तकीची. तरी तिचा मी मनापासून आनंद घेतला, कारण तिच्यातला तंटा कलेविषयीचा आहे, आणि ताल श्रेष्ठ की पाऊल श्रेष्ठ याचा निवाडा नाचून व वाजवूनच करावा लागतो. स्नेहल तरडे यांना दिग्दर्शक म्हणून ही गोष्ट उमगली, हे विशेष.

आणि तरीही सर्वांत मोठी कादंबरी अलिखितच आहे. ती विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची. प्रयोग चालू असताना प्रसूत होऊन पुन्हा मंचावर उभी राहिलेली बाई म्हणून त्यांची गोष्ट आमच्या भागात घरोघर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि अखेरचा काळ विपन्नावस्थेत गेला. २००२ साली त्या वारल्या. त्यानंतर राज्य सरकार त्यांच्या नावे तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. चरित्र आहे, नाटके झाली, परंतु त्यांच्या वगातल्या भूमिका, वडिलांच्या फडात घडलेले शिक्षण, फडाची मालकी, उचल आणि कर्ज, मुलीबाळींना त्याच वाटेवर घालताना बाईच्या मनात काय आले असेल ते, हे सारे ज्या आकाराच्या कादंबरीत मावेल ती मराठीत झालेली नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ने (१९९४) आणि शैलजा पाईक यांच्या अलीकडच्या संशोधनाने जात, स्त्री आणि अश्लीलता या शब्दांचा जो उलगडा केला आहे, तो वाचल्यावर ललित लेखकाला अज्ञानाची सबब उरत नाही.

लेखकांना आणि दिग्दर्शकांना माझे सांगणे एवढेच आहे. चैत्रात या. राहुट्यांत बसून एक दिवस सुपाऱ्यांचे व्यवहार ऐका, मग एखाद्या फडाच्या मालमोटारीमागून यात्रेच्या गावी जा, गणापासून बसा आणि वग संपेपर्यंत उठू नका. सकाळी त्याच गावात, रात्रभर जागलेल्या माणसांनी, उन्हात आणि मेकअपच्या पुटांखाली, गावकऱ्यांपुढे हजेरीचा कार्यक्रम करावयाचा असतो, तोही पाहा. वारूळवाडीत उतरण्याची सोय करण्यास आम्ही तयार आहोत.