‘इच्छाशक्ती’तील शक्ती : एका सिद्धान्ताचे परीक्षण

आत्मसंयम ही मर्यादित शक्ती असून वापराने ती खर्च होते, हा सिद्धान्त बाउमायस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला. त्यांच्या प्रयोगात समोरची चॉकलेटे टाळून केवळ मुळे खाण्यास ज्यांना सांगितले होते, त्यांनी पुढे दिलेली न सुटणारी कोडी सुमारे ८ मिनिटांत सोडून दिली; ज्यांना गोड खाण्याची मुभा होती, ते सुमारे १९ मिनिटे झगडत राहिले. पहिल्या गटाचा साठा आटला, असा यावरून निष्कर्ष काढण्यात आला.

प्रयोगात मोजली गेली ती मिनिटे. साठा आला तो रूपकातून. मराठीतही अवसान ‘गळते’ आणि प्रसंगी ‘उसने’ आणता येते. म्हणून अवसान नावाचा द्रव कोणी मानीत नाही. ‘संयम’ व ‘निग्रह’ या शब्दांतील यम् आणि ग्रह् हे धातू तर आवरण्याची व धरण्याची क्रियाच सांगतात. शब्दांची साक्ष मानसशास्त्रात निर्णायक नसते, हे उघड आहे. परंतु रूपक कोठे संपते व पुरावा कोठे सुरू होतो, हे पाहण्यास ती उपयोगी पडते.

खरी कसोटी प्रेरणेची आहे. आपल्या श्रमाने इतरांचे हित होईल किंवा मोबदला मिळेल असे सांगितल्यास आधी संयमाने थकलेली माणसेही नेटाने काम करतात, असे म्युरावेन व स्लेसारेवा यांना २००३ मध्ये आढळले. यावर सिद्धान्ताचे उत्तर असे की, साठा संपलेला नसून राखून ठेवलेला असतो. पण काम सोडले तर साठा आटला आणि केले तर राखीव साठा उघडला, असे म्हणता येऊ लागले की सिद्धान्तास बाध आणणारा प्रयोगच उरत नाही. २०१२ मध्ये इन्झलिश्ट व श्मायकल यांनी पहिल्या श्रमानंतर प्रेरणेचीच दिशा पालटते, असा पर्याय मांडला. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर केलेल्या पडताळणीत मूळ परिणाम शून्याजवळ आला.

थकवा खोटा, असा याचा अर्थ नाही. परंतु अभ्यास सोडणाऱ्या विद्यार्थ्यात ‘शक्ती नाही’ असे ठरविले, की विश्रांतीपलीकडे उपाय सुचत नाही. ‘त्याने मनावर घेतले नाही’ असे म्हटले, तर त्या अभ्यासाचे प्रयोजन त्यास कोणी पटवून दिले होते काय, हा प्रश्न आपणां अध्यापकांकडे येतो.