दोन बोलपट व एक अस्सल कागद

कळंबोलीनजीक पनवेलीस बेने इस्राएलांचें बेथ एल प्रार्थनामंदिर (इ. स. १८४९) आहे. त्यांच्या यूरोपीय धर्मबांधवांच्या नाझीकृत संहाराशीं निगडित दोन फ्रेंच बोलपट संशोधकांनीं अस्सल कागदाच्या कसोटीनें पाहण्याजोगे आहेत. रेने यांच्या ‘रात्र व धुकें’ (१९५६) यांत पितिविए छावणीच्या छायाचित्रांतील फ्रेंच शिपायाची टोपी सरकारी परीक्षकांनीं झांकावयास लाविली. दप्तरांतील अडचणीच्या ओळीवर शाई फांसण्याचाच हा प्रकार! लांझमान यांनीं ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून दीर्घ बोलपटांत जुनीं चित्रें मुळींच न घेतां तोंडी साक्षींवर भिस्त ठेविली. हा आग्रह आम्हांस अतिरेकी वाटतो. कारण त्यांतील बिनतोड पुरावा कागदच आहे. इतिहासकार हिलबर्ग त्रेब्लिंकाच्या आगगाड्यांचें ५८७ क्रमांकाचें वेळापत्रक वाचून दाखवितात: जातांना भरलेली, परततांना रिकामी.